माझ्याच तोंडावर मी लावलेलं दार

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं इंटरनेट मी एका शुक्रवारी सकाळी पावणेअकराला बंद पाडलं. मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात, खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि तोंडात खालच्या बेकरीतल्या दिलपसंदचा, म्हणजे खोबरं भरलेल्या गोड पावाचा, घास होता. एक बटण दाबलं. पडद्यावर ते छोटं चक्र फिरायला लागलं. घास चावून झाला, गिळून झाला, वर पाणी पिऊन झालं, तरी ते फिरतच होतं.

मग माझ्या लक्षात आलं. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, मला हसू फुटलं. भीतीने हसू येणाऱ्या माणसांपैकी मी आहे. शाळेत यापायी बऱ्याचदा वर्गाबाहेर उभी राहिले आहे.

मी मूळची नाशिकची. पुण्यात शिकले आणि नोकरीसाठी बंगळूरला आले, त्याला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. आमची कंपनी एवढीशी: सात माणसं, दोन खोल्या, एक बाल्कनी. छोटे कारखाने, दवाखाने, शाळा यांचं नेटवर्क आम्ही बसवून द्यायचो आणि सांभाळायचो. राउटर म्हणजे आतले सगळे कॉम्प्युटर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला चौक. फायरवॉल म्हणजे त्या चौकातला वॉचमन. त्याच्या हातात नियमांची एक यादी असते. कुणी आलं की तो ती वरून खाली वाचतो आणि जो पहिला नियम लागू पडेल तो पाळून मोकळा होतो. त्याच्या खाली काय लिहिलंय ते तो बघतसुद्धा नाही. एवढं कळलं की माझ्या धंद्यातलं निम्मं कळलं. मला ते कळलेलं होतं, हीच तर शरमेची गोष्ट.

त्या कारखान्याच्या फायरवॉलची सेटिंग्ज बदलायचं पान जगात कुणालाही दिसत होतं. ते फक्त आमच्या ऑफिसातून दिसावं, एवढंच मला करायचं होतं. दोन नियम. पहिला: आमच्या ऑफिसातून आलेल्याला आत सोड. दुसरा: बाकी कुणाला त्या पानावर येऊ देऊ नकोस. मी दुसरा आधी लिहिला. तोही घाईत असा, की ‘त्या पानावर’ हा रकाना भरायचा राहिला. म्हणजे नियम झाला: कुणालाही, कुठेही, सोडू नकोस. आणि तो यादीत सगळ्यात वर जाऊन बसला. वॉचमनने तो वाचला आणि प्रामाणिकपणे कारखान्याचं आतलं आत आणि बाहेरचं बाहेर करून टाकलं. माझ्यासकट.

अशा वेळी वाचवायला दोन सोयी असतात. एक म्हणजे बदल केल्यावर दहा मिनिटांत ‘हो, बरोबर आहे’ असं आपण सांगितलं नाही, तर यंत्र आपणहून जुन्या नियमांवर परत जातं. ती सोय मी महिन्यापूर्वीच बंद केली होती, कारण कोपऱ्यात उलटे मोजले जाणारे ते सेकंद बघून मला परीक्षेत बसल्यासारखं व्हायचं. दुसरी सोय म्हणजे बदल कायमचा साठवलेला नसेल, तर यंत्र नुसतं बंद करून चालू केलं की पुरतं. पण मागच्या महिन्यात एका दातांच्या दवाखान्यात मी अख्खा दिवस बसून सुरेख नियम लिहिले होते आणि साठवायला विसरले होते. संध्याकाळी वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. तेव्हापासून मी काहीही केलं की आधी साठवायचे, अगदी मनोभावे. तसंच हेही साठवलं होतं.

“अक्का,” मी म्हणाले, “जरा येता?”

अक्का आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी. पन्नाशी ओलांडलेल्या, कॉटनची साडी, पायात धावायचे बूट, खांद्याला अशी पर्स की तिच्यात स्क्रूड्रायव्हरपासून चकलीपर्यंत सगळं सापडावं. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून चिक्कपेटेत कापडाचा धंदा करणारं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच कानडी शब्द येणारी. रागावल्या की मात्र पूर्ण कानडी. मी त्यांना घाबरायचे. त्या कधी ओरडत नसत, नुसतं चष्म्यावरून बघत.

त्या आल्या, माझ्या पडद्याकडे वाकल्या, नियमांच्या यादीचं अर्धवट उमटलेलं पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“वर ठेवलास?”

“वर.”

“सगळ्यांना बंद?”

“सगळ्यांना.”

“सेव्ह केलंस?”

मी मान हलवली. अक्कांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, झालं, नोकरी गेली. पण त्यांचे खांदे हलत होते. अक्का हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीची पाठ धरून हसत होत्या. “अय्यो,” त्या म्हणाल्या, “स्वतःच्याच हाताने! एवढं नीट! एक फटसुद्धा ठेवली नाहीस गं!”

मग त्या एकदम थांबल्या. “आज शुक्रवार ना? त्यांची ती इटलीची ट्रायल आजच ना?”

आजच होती. एक वाजता. कारखान्याने पंपात बसणारे गिअर कापायचं नवं मशीन घेतलं होतं, आणि इटलीतलं एक गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर पहिला गिअर कापला जाताना बघणार होतं. बघून पसंत पडलं तर मोठं काम मिळणार होतं. त्यासाठीच सगळं नीट असावं म्हणून मी सकाळी ते नियम लिहायला बसले होते.

“बूट घाल,” अक्का म्हणाल्या.

निळी केबल घेतली. ती थेट फायरवॉलच्या पोटात जोडायची असते. नेटवर्क मेलेलं असलं तरी तिच्यातून बोलता येतं. जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग, म्हणून सरळ मेट्रो गाठली. मॅजेस्टिकला गाडी बदलून पीण्या. गाडीत बसतोय तोच कारखान्याच्या मालकांचा फोन. साठीचे गृहस्थ, स्वतः लेथवर काम करत मोठे झालेले. माझ्याशी ते कानडी वळणाचं हिंदी बोलायचे.

मी फोन अक्कांपुढे धरला. अक्कांनी हात मागे घेतला. “तू बोल. आणि खरं सांग. लाइन गेली, केबल तुटली असं काही सांगायचं नाही. मी केलं म्हण.”

“त्यांना काय वाटेल?”

“आत्ता काय वाटायचं ते वाटू दे. नंतर कळलं तर जास्त वाटेल.”

मी डोळे मिटले आणि हिंदीत एका दमात सांगितलं, “सर, चूक माझी आहे. माझ्याकडून मीच बाहेर लॉक झाले आहे. आता मला बाहेरून आत येता येत नाहीये, म्हणून आम्ही तिकडेच निघालो आहोत.”

मग मालक अत्यंत काळजीच्या सुरात म्हणाले, “अय्यो मॅडम, घाबरू नका. बाहेरच थांबा. मी गेट उघडायला सांगतो.”

“नाही सर, तसं नाही, म्हणजे…”

“सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं. “उन्हात उभ्या राहू नका.” आणि फोन ठेवला.

मी अक्कांना सांगितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग जे हसू सुटलं, ते मॅजेस्टिक येईपर्यंत आवरेना. समोर बसलेल्या बाईंनी आधी तोंड फिरवलं, मग त्याही गालात हसू लागल्या. कशाला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या एका डोळ्यातून भीतीचं आणि दुसऱ्यातून हसण्याचं पाणी येत होतं.

गाडी बदलून पीण्याच्या गाडीत बसल्यावर अक्कांनी पर्समधून चकली काढून अर्धी मला दिली आणि त्यांची एक गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांनी एका शाळेत राउटर बसवला होता, आणि त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलायचा राहिला होता. तो पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर ठळक छापलेला. नववीतल्या मुलींनी तो वाचला. दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. आलेल्या सगळ्या पालकांच्या फोनवर शाळेच्या वायफायचं नाव दिसलं: ‘मुख्याध्यापक झोपले आहेत’. कानडीत, इंग्रजीत आणि एकदा हिंदीतही, कुणी वंचित राहू नये म्हणून.

“मग तुम्ही काय केलंत?”

“वर्गात गेले. कुणी केलं विचारलं. तिघी उठल्या. आधी त्यांना शाबास म्हटलं, मग पासवर्ड बदलला, मग मुख्याध्यापकांच्या पाया पडले.”

“ते रागावले?”

“ते खरोखरच झोपले होते गं. त्यांना कळलंच नाही.”

पीण्याला उतरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. रिक्षाने पाच मिनिटांत कारखान्याच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या शेड, आतून यंत्रांचा घरघराट, हवेत कापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास. मालकांनी दिलेला शब्द पाळला होता. मोठं गेट सताड उघडं. कडेला वॉचमन ताठ उभा. गेटच्या आत तीन-चार कामगार आणि एकाच्या हातात माझ्यासाठी पाण्याचा ग्लास. मी रिक्षातून उतरताच वॉचमनने सलाम ठोकला आणि कानडीत काहीतरी म्हणाला. अक्कांनी भाषांतर केलं: “म्हणतोय, मॅडम, आता कुणी तुम्हाला अडवणार नाही.”

मी ते पाणी प्यायले. दुसरं काय करणार?

मालक आम्हाला ऑफिसात घेऊन गेले. फायरवॉल एका लोखंडी कपाटावर, देवांच्या तसबिरींच्या शेजारी होती. आयुधपूजेला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांसोबत तिचीही पूजा झालेली. कपाळावर हळदकुंकू, आणि हवा आत जाण्यासाठी असलेल्या फटींत अडकलेल्या अक्षता. मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली आणि निळी केबल काढली.

इथे मला दुसरी चूक भेटली. निळ्या केबलचं एक टोक फायरवॉलमध्ये जातं, दुसरं जुन्या पद्धतीचं, नऊ टाचण्यांचं असतं. तसं भोक आजच्या लॅपटॉपला नसतं. त्यासाठी मधे एक जोड लागतो. तो जोड कुठे होता ते मला लख्ख दिसत होतं: इंदिरानगरच्या ऑफिसात, माझ्या खणात, दिलपसंदच्या उरलेल्या तुकड्याशेजारी.

“अक्का…”

“बोलू नकोस,” अक्का म्हणाल्या. “ओळखलं.” पर्समध्ये त्यांनी कोपरापर्यंत हात घालून शोधलं. पाच मिनिटं शोधलं. औषधाची पट्टी निघाली, दोन स्क्रूड्रायव्हर निघाले, हळदीकुंकवाला मिळालेला ब्लाउजपीस निघाला. जोड नव्हता.

अक्कांनी मालकांना कानडीत विचारलं, इथे एखादा जुना कॉम्प्युटर आहे का, खूप जुना? मालकांचा चेहरा विचित्र झाला. “आहे,” ते म्हणाले. “पण तो त्या बाईंचा आहे.”

त्या बाई म्हणजे तपासणी विभागाच्या प्रमुख. कारखान्यात तयार होणारा प्रत्येक गिअर त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्यांनी नाही म्हटलं तर तो भंगारात. त्यांच्या काचेच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, मालकांनासुद्धा. कोपऱ्यात पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर होता, मापं घ्यायच्या यंत्राला जोडलेला. त्याच्या पाठीला नऊ टाचण्यांची जागा होती. मी ती बघून जवळजवळ ओरडले.

“त्याला कुणी हात लावायचा नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं. “एक वाजता मला त्याच्यावर माप घ्यायचंय. इटलीवाल्यांसमोर.”

“इंटरनेट नसेल तर इटलीवाले नसतील, मॅडम,” मी म्हणाले.

“इंटरनेट कशाने गेलं?”

मालक, वॉचमन, पाणी आणणारा कामगार, सगळे माझ्याकडे बघत होते. “माझ्यामुळे,” मी म्हणाले. “मी एक नियम चुकीच्या जागी ठेवला.”

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गिअर बघावा तसं. “चूक कुठे आहे ते माहीत आहे?”

“हो. पहिल्याच ओळीत.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या. “कुठे आहे ते माहीत नसेल, तर मी यंत्राला हात लावू देत नाही. दहा मिनिटं.”

मापयंत्राची वायर त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. इकडे मालक आणि मी फायरवॉल कपाटावरून उतरवून, तिच्या वायरी नीट चिठ्ठ्या लावून सोडवून, दोन्ही हातांवर धरून निघालो. यंत्रांच्या मधल्या वाटेने आम्ही जाऊ लागलो तशी दोन्हीकडची माणसं काम थांबवून बाजूला होऊन बघू लागली. हळदकुंकू लावलेली ती पेटी, पुढे मालक, मागे मी, शेवटी बूट हातात घेतलेल्या अक्का. एका म्हाताऱ्या कामगाराने चक्क हात जोडले. मला पुन्हा हसू यायला लागलं. ओठ घट्ट मिटून घेतले तरी नाकातून आवाज आलाच.

पेटी चालू व्हायला चार मिनिटं लागली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली आणि मला वाटलं, माहेरची गाडी आली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. यादी मागवली. पहिलीच ओळ. माझी ओळ. ती काढली आणि बोट थबकलं.

“आता साठव,” अक्का मागून म्हणाल्या. “आता हवंय.”

साठवलं. बाईंनी मापयंत्राची वायर परत जोडली, मिरवणूक उलटी निघाली, पेटी परत देवांशेजारी बसली, वायरी लागल्या. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट सुरू झालं. मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. मी अक्कांना मिठी मारली. त्याआधी मी त्यांना कधी हातसुद्धा लावला नव्हता.

तेवढ्यात शेडमधून ओरडून कुणीतरी सांगितलं की मशीनजवळचा लॅपटॉप चालत नाही.

ज्या लॅपटॉपवरून इटलीशी बोलायचं, नेमका तोच. मी धावत गेले. वायर ठीक, दिवा हिरवा, पण इंटरनेट नाही. शेजारचा कॉम्प्युटर चालत होता. त्याच्या पलीकडचा नव्हता. एक चालू, एक बंद, दोन चालू, एक बंद. बारा चाळीस झाले. माझ्या त्या एका ओळीने हे कसं होईल?

अक्का आल्या, बंद पडलेल्या लॅपटॉपला मिळालेला पत्ता वाचला. नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता द्यावा लागतो आणि तो वाटायचं काम एकाच यंत्राकडे हवं. हा पत्ता आमच्या यंत्राने दिलेला नव्हता.

“इथे आणखी कुणीतरी पत्ते वाटतंय,” अक्का म्हणाल्या. मग मोठ्याने, कानडीत, सगळ्या शेडला उद्देशून विचारलं की आज सकाळपासून कुणी कुठे नवीन काही जोडलंय का?

मालकांनी हळूच हात वर केला, शाळेतल्यासारखा.

इंटरनेट गेल्यावर मी येईपर्यंत नुसतं बसून राहणं त्यांना जमेना. म्हणून शेजारच्या कारखान्यातून त्यांनी एक जुना राउटर मागून आणला होता आणि स्वतःच्या टेबलाखाली जोडून दिला होता. त्याचे दिवे लागले म्हणून त्यांना बरंही वाटलं होतं. आमच्या मिरवणुकीच्या गडबडीत ते सांगायचं राहून गेलं. अक्का खाली वाकल्या, टेबलाखाली गेल्या आणि एका टॉवेलखालून तो पांढरा डबा बाहेर काढला. मन लावून लुकलुकत होता बिचारा. आमची फायरवॉल जिवंत झाली तशी आता दोघंही पत्ते वाटत होती, आणि ज्याच्या हाती याचा पत्ता लागला तो वाट चुकत होता.

“मदत करायला गेलो, मॅडम,” मालक म्हणाले.

“मीही मदतच करायला गेले होते, सर,” मी म्हणाले. साठीचे ते गृहस्थ खो-खो हसले आणि आमच्यातला ताण एकदम निघून गेला.

डबा काढला, लॅपटॉपची वायर काढून परत लावली. बारा त्रेपन्न झाले. लॅपटॉपला बरोबर पत्ता मिळाला. एकला दोन मिनिटं असताना पडद्यावर इटलीतली तीन माणसं दिसू लागली, दोन पुरुष आणि एक बाई, हातात कॉफीचे इवलेसे कप.

मी नेटवर्कची माणूस. माझ्या कामातून काय जातं ते मी सहसा बघत नाही. त्या दिवशी बघितलं. मशीन सुरू झालं, कापणाऱ्या पात्यावर ते थंड ठेवणारं दुधासारखं पाणी धबाधबा कोसळू लागलं आणि आतल्या गोल लोखंडाला एकेक दात फुटत गेला. सगळी शेड श्वास रोखून उभी होती. तपासणीच्या बाईंनी गिअर फडक्याने पुसला, काचेच्या खोलीत नेला, मापयंत्रावर ठेवला. लॅपटॉपला लावलेला कॅमेरा लांब वायरीसकट त्यांच्या मागे मागे. पिवळट कॉम्प्युटरने आकडा दाखवला. बाईंनी तो वाचून दाखवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हसत असाव्यात अशा हसल्या. इटलीतल्या बाईने कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग मालकांना काय सुचलं, त्यांनी कॅमेरा आमच्याकडे वळवला आणि इंग्रजीत म्हणाले, “दीज आर अवर इंटरनेट लेडीज.” आम्ही दोघी पायांत बूट नसलेल्या, केस विस्कटलेल्या, हात हलवत राहिलो.

कॉल संपल्यावर मी माझं काम पूर्ण केलं. तेच दोन नियम, पण आता आमच्या ऑफिसला वाट देणारा वर, बंदीचा खाली, तोही फक्त त्या एका पानापुरता. दहा मिनिटांची सोय पुन्हा चालू केली. बटण दाबताना मालक, बाई आणि वॉचमन माझ्या मागे उभे होते. सेकंद उलटे मोजले जाऊ लागले. मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं, दिसतंय का पान? तो म्हणाला, दिसतंय. तेव्हाच ‘हो, बरोबर आहे’ दाबलं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्हाला बिसीबेळे भात, म्हणजे मसालेदार गरम डाळभात, आणि वर बुंदी वाढली गेली. मी तीनदा घेतला. परतीच्या मेट्रोत पोट तुडुंब भरलेलं, आणि पुन्हा एकेक प्रसंग आठवून आम्ही दोघी इतक्या हसत होतो की मॅजेस्टिक कधी येऊन गेलं ते कळलंच नाही. पुढचं स्टेशन चिक्कपेट.

“बिडू,” अक्का म्हणाल्या. म्हणजे जाऊ दे. “उतरू या. आमचं दुकान दाखवते.”

साड्यांच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेलं ते दुकान त्यांचे भाऊ, अण्णा, चालवायचे. दुकानभर पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या. अण्णांनी आम्हाला बसवलं, कॉफी मागवली आणि मी कोण ते ऐकून म्हणाले, “मग जरा बघता काय? दुकानाचा कॅमेरा फोनवर दिसतोय, पण मधेमधे कुणीतरी परकंच त्यात डोकावल्यासारखं वाटतंय.”

मी गादीवर लॅपटॉप उघडला. दुकानाच्या राउटरमध्ये एकच नियम लिहिलेला होता: कुणीही, कुठूनही, कशासाठीही येऊ दे. शेजारी लिहिणाऱ्याने आठवणीसाठी टीप ठेवली होती: ‘दोन दिवसांपुरतं. अण्णा गावाहून आला की काढणे.’ तारीख सहा वर्षांपूर्वीची. टिपेखाली अक्कांच्या नावाचं पहिलं अक्षर.

मी लॅपटॉप फक्त अक्कांकडे वळवला.

अक्कांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. भाऊ विचारत होते, “काय गं, काय झालं?” अक्का आधी लाल झाल्या, मग गादीवर आडव्याच झाल्या, साड्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून, आणि त्यांचं हसणं दुकानाबाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतकं मोठं झालं. साडी बघायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं.

“ते काढलं तर गिऱ्हाइकं यायची बंद नाही ना होणार?” भावाने काळजीने विचारलं.

“नाही हो,” मी म्हणाले.

“सरी. मग काढा.”

अक्का उठून बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “थांब. ते मला काढू दे.” त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. फोनवरून कॅमेरा बघायला लागेल तेवढीच एक वाट त्यांनी आधी लिहून घेतली, ती भावाच्या फोनवर चालते का ते दोनदा बघितलं, आणि मग ती सहा वर्षांची ओळ पुसली. तेवढ्यात कॉफी आली. भावाने मधल्या वेळेत गिऱ्हाइकांसमोर मोरपंखी रंगाची एक साडी उलगडली होती. त्यातल्या एकीने मला विचारलं, हा रंग कसा वाटतो, आणि मी कॉफीचा पेला हातात धरून, गादीवर मांडी घालून, अगदी गंभीरपणे तिला सल्ला देत बसले.